बारा फुटी काठी, दोन स्टुलं

भोपाळला जाणारे लोक सांची करतात, भीमबेटका करतात, मोठ्या तळ्यावर सूर्यास्ताचे फोटो काढतात. आम्ही दोघं, वय वर्षं अडुसष्ट आणि चौऱ्याहत्तर, मासे पकडायची काठी विकत घ्यायला गेलो होतो. सांची राहिली, भीमबेटका राहिलं, सूर्यास्ताच्या वेळी मी बॅग भरत होते. तेव्हा स्थलदर्शनासाठी हे वाचायला घेतलं असेल तर इथेच थांबा, वेळ वाचेल.

कारण सांगते. ह्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या बरोबर मधोमध धुकं साचत चाललंय. कडेचं दिसतं, समोरचं पुसलं जातं. माझ्या साडीचे काठ दिसतात, चेहरा दिसत नाही. मी म्हटलं, फायदाच आहे, तुम्हाला मी अजून तिशीचीच वाटेन. हे हसले, पण नाशिकचे डॉक्टर हसले नाहीत. म्हणाले, "जे बघायचं राहिलंय ते वर्षभरात बघून घ्या."

घरी येताना रिक्षात विचारलं, काय राहिलंय? मला वाटलं समुद्र म्हणतील, नाहीतर लेकीचं बंगळूरचं नवं घर. हे म्हणाले, "भोपाळला एकदा पाण्यात गळ टाकायचाय."

आमच्या घरात 'गळ' हा शब्द अडतीस वर्षांत निघाला नव्हता. तो कोणामुळे बंद झाला हे दोघांनाही माहीत होतं.

जाळी

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी हे मागचं.

लग्न होऊन मी सांगलीहून भोपाळला गेले ती ह्यांच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये. हे इंजिनिअर. दर रविवारी पहाटे हे चार काठ्या घेऊन पाण्यावर जायचे, सोबत वेल्डिंग शॉपचे सलीमभाई. दुपारी रिकाम्या हाताने परत, कारण घरात मासा येणार नाही हा माझा कायदा होता. जे मिळायचं ते सलीमभाईंच्या घरी. "खायचे नाहीत तर पकडता कशाला?" असं मी दर रविवारी विचारायचे. उत्तर आलं नाही की मला वाटायचं, मी वाद जिंकले. अशी मी हुशार.

त्या वेळच्या मला मी आज भेटले तर तिच्याशी दोन मिनिटं बोलून रस्ता ओलांडीन. महिला मंडळाची सेक्रेटरी! क्वार्टर्समध्ये सगळ्यांत स्वच्छ घर माझं, आणि ते तसं आहे हे लोकांना कळावं म्हणून मी हळदीकुंकवाला बायकांना मुद्दाम चकचकीत भांड्यांच्या माळ्याखाली बसवायचे. एका दिवाळीला छताच्या कोपऱ्यातली जाळी निघेनात. खुर्ची पुरेना, टेबल पुरेना. दारामागे ह्यांच्या काठ्या उभ्या होत्या. त्यातली सर्वांत लांब आणि हलकी मी उचलली, शेंड्याला सुतळीने केरसुणी बांधली, आणि जाळ्यांवर चाल करून गेले. पंख्याच्या हुकाला शेंडा अडकला. मी ओढला. अशा वेळी माणसाने थांबायचं असतं, हे मला तेव्हा कोणत्याच बाबतीत माहीत नव्हतं.

एका म्हाताऱ्या कारागिराने दोन वर्षं बांबू वाळवून बनवलेली काठी होती ती. तीन तुकड्यांची, जोडांवर पितळी नळ्या. उरलेले दोन तुकडे मी वाया घालवले नाहीत, टोमॅटोच्या रोपांना आधार दिला. संध्याकाळी हे आले, मागच्या अंगणात गेले, रोपं बघितली आणि म्हणाले, "टोमॅटो चांगले धरतील."

दुसऱ्या दिवशी मी बाजारात जाऊन नवी काठी आणली. तंबूच्या खांबाएवढी जाड. मोठ्या ऐटीत म्हटलं, "घ्या, आता ही मोडून दाखवा!"

ती कधीच मोडली नाही. तिच्यावर आम्ही गोधड्या वाळवल्या. ह्यांनी उरलेल्या तिन्ही काठ्या सलीमभाईंना देऊन टाकल्या आणि रविवारी घरी पेपर वाचू लागले. मी मंडळात सांगितलं, "सुटलं बाई एकदाचं ते वेड!"

बाग सेवनिया

प्रवासाचं काही सांगत नाही. गाडी गाडीसारखी होती.

सलीमभाई आता बाग सेवनियात मुलाकडे राहतात. पंचाहत्तरीचा माणूस, पण स्टेशनवर स्वतः आला. ह्यांना मिठी मारून अस्सल भोपाळी थाटात म्हणाले, "को खां, बुड्ढे हो गए!" आणि मला बघून हात जोडले, "भाभी, आप अब भी डराती हो."

"आता फक्त ह्यांना," मी म्हटलं. "बाकीच्यांना सूट दिली."

सकाळी सलीमभाईंच्या सुनेने पोहे आणि जिलबी ठेवली. आमच्याकडे पोह्यांवर ओलं खोबरं आणि लिंबू. इथे शेव, बडीशेपेचा वास, आणि शेजारी गरम जिलबी. बारा वर्षं मी ह्या जोडीला नाक मुरडलं. "तिखटाशेजारी गोड, ही काय रीत?" या वेळी दोन जिलब्या खाल्ल्या आणि तिसरीकडे बघत होते तेव्हा हे म्हणाले, "घे, मला दिसत नाही."

चहा मात्र मिठाचा. भोपाळची ही खोड मी विसरले होते. पहिला घोट घेऊन माझा जो चेहरा झाला त्यावर सलीमभाई खूष. म्हणाले, "बस, यही शकल थी, जब आप पहली बार आई थीं."

त्यांच्याशी बोलताना एक गोष्ट लक्षात आली. हे दोघं मित्र पाण्याबद्दल बोलत होते आणि मला त्यातलं काहीही कळत नव्हतं. कुठला दगड, कुठला उंबर, कुठल्या वर्षी पाणी कुठवर आलं होतं. बारा वर्षं त्याच गावात राहिलेली मी परक्या पाहुणीसारखी मान हलवत होते. माझं भोपाळ म्हणजे क्वार्टर, भाजीबाजार, मंडळाचा हॉल. ह्यांचं भोपाळ मी पाहिलंच नव्हतं.

मी जाहीर केलं, "काठी मी घेणार. माझ्या हाताने. उत्तमातली उत्तम."

"तूच मोडलीस, तूच घे," हे म्हणाले. अडतीस वर्षांत पहिल्यांदा ते वाक्य उच्चारलं गेलं. आणि आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला उत्तर देता आलं असतं.

जुनं शहर

दुकान जुन्या शहरात एका गल्लीत, वर जाळ्यांचे गुंडाळे टांगलेले. गल्ल्यावर तिशीची एक मुलगी, डोक्यावर ओढणी, कानामागे पेन खोचलेलं. तिचं नाव रुबिना. वडिलांचं दुकान आता ती चालवते. मी आत शिरले ती थेट कोपऱ्यातल्या सर्वांत जाड, काळ्या, चकचकीत काठीकडे. हातात घेतली. वजनदार. मनात म्हटलं, हीच.

"आँटी, मछली कौन सी पकड़नी है?" रुबिनाने विचारलं.

"कोई भी. सब."

"तवे कितने हैं आपके घर में?"

मी चमकले. म्हटलं, पोळीचा एक, भाकरीचा एक लोखंडी, डोशाचा एक, आणि एक बिडाचा आहे घावनांसाठी, त्याला कोणी हात लावलेला चालत नाही मला.

"चार तवे," रुबिना म्हणाली. "और मछली के लिए एक डंडा?"

सलीमभाई गल्लीकडे तोंड करून खोकू लागले. त्यांना हसू आलं की ते खोकतात.

मग तिने मला शिकवलं, शाळेतल्या बाईसारखं. मी काळी काठी धरली होती ती कतल्यासाठी. कतला म्हणजे मोठं धूड, तोंड वरच्या बाजूला, पाण्याच्या वरच्या थरात खाणारा. त्याला ओढायला काठीला कंबर लागते. रोहू मधल्या पाण्यातला, ओठ मऊ. काठी ताठ असेल तर झटक्याने गळ ओठ फाडून बाहेर येतो, म्हणून काठी मधूनच वाकायला हवी, हळूहळू. मृगल तळाशी चरतो, तिथे फ्लोटची, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या काडीची, दोरी खोल सोडायची. आणि काठालगतची तळहाताएवढी मासळी फार भित्री. ती आमिष चाखते, गिळत नाही. तिच्यासाठी काठी लांब, हलकी, आणि शेंडा मांजराच्या मिशीसारखा.

"मोटी छड़ी पे छोटी मछली आए तो पता ही नहीं चलता," ती म्हणाली. "वो आके चली भी जाती है."

मी ह्यांच्याकडे पाहिलं. गोधड्यांची ती काठी आठवली. मी ह्यांना कतल्याचा खांब आणून दिला होता, आणि माणूस काठालगतच्या भित्र्या मासळीचा होता. आठ वर्षं एका घरात राहून मला एवढंही माहीत नव्हतं.

"तेव्हा ओरडला का नाहीत?" मी मराठीत विचारलं.

"ओरडलो असतो तर तू अजून जाड आणली असतीस."

रुबिनाला भाषा कळली नसावी, पण तिने तेवढ्यात लांब, हलकी, बारा फुटी काठी काढून ह्यांच्या हातात दिली. ह्यांनी ती तोलली, मनगटाने हलवली. शेंडा थरथरला. चेहऱ्यावर जे आलं ते मी लेकीच्या लग्नातही पाहिलं नव्हतं.

मग तिच्या लक्षात आलं की हे काठीकडे तिरकं बघतायत, कोंबडा बघतो तसं. सलीमभाईंनी हळूच तिला डोळ्यांचं सांगितलं. मग तिने एक आखूड काठी आणली, शेंड्याला बारीक घंटी लावलेली.

"अंकल के लिए ये सही है. फ्लोट देखना ही नहीं. जमीन पे टिका दो, मछली खींचेगी तो घंटी बजेगी. अकेले भी बैठ सकते हैं."

मला पटलं. मी पर्स उघडली. डोळ्यांची अडचणच मिटली. आणखी काय हवं?

"घंटीची नको," हे म्हणाले. "फ्लोटचीच."

"अहो, फ्लोट दिसणार कसा तुम्हाला? नखाएवढी काडी ती, पाण्यात!"

"तू आहेस ना."

एवढंच. हे परत काठी तोलू लागले. सलीमभाई या वेळी खोकले नाहीत. मी पर्स तशीच उघडी धरून उभी होते. रुबिना म्हणाली, "आँटी, फ्लोट मोरपंख का दूँ? हल्का रहेगा," तेव्हा भानावर आले.

मिसरोदच्या पुढे

मिसरोद मागे टाकून होशंगाबाद रस्त्याने पुढे गेलं की डावीकडे शेतं लागतात. तिथे सलीमभाईंच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याचं तळं आहे, त्याने रोहू-मृगल सोडलेत. कलियासोत धरणावर जायचं ह्यांच्या मनात होतं, पण तिथे मगरी आहेत म्हणे. मी म्हटलं, एवढा उशीर केल्यावर आता मगरीच्या तोंडी जायचं नाही.

पहाटे सुनेच्या स्वयंपाकघरात आमिष मी मळलं. कणीक, भाजलेलं बेसन, बडीशेपेची पूड, आणि गोळी पाण्यात विरघळू नये म्हणून चिमूटभर कापूस. सलीमभाईंनी प्रमाण सांगितलं, मी त्यांना गप्प बसायला सांगितलं. कणकेच्या बाबतीत मी कोणाचं ऐकत नाही. मळता मळता आठवलं. रविवारी सकाळी फडक्याखालच्या कणकेतून एक गोळा नेहमी कमी व्हायचा, आणि मी कामवालीला बोलायचे. कितीतरी रविवार! ती बिचारी शपथा घ्यायची. तिचं नाव शांता होतं. आता ती कुठे आहे कोणाला माहीत.

तळ्यावर पोहोचलो. सलीमभाईंनी गाडीच्या डिकीतून दोन घडीची स्टुलं काढली. खाकी कापडाची, कारखान्यातली असावीत. एकाचं कापड बसून बसून पार झिजलेलं, कडा उसवून परत शिवलेल्या. दुसऱ्याचं कोरं. उघडताना त्याचा करकर आवाज झाला, घड्या मोडेनात.

"ये आपका है, भाभी," त्यांनी कोरं माझ्यापुढे ठेवलं.

"माझं कसं? मी कधी आले होते?"

"वही तो." ते स्टूल पक्कं बसलंय का बघत होते, माझ्याकडे बघत नव्हते. "हर इतवार दो लाते थे. मैं बोलता था, खां, मैं तो जमीन पे बैठता हूँ, दूसरा काहे को ढो रिये हो? बोलते थे, क्या पता, आ जाए."

हे तोपर्यंत काठीचे जोड लावत होते. ऐकलं की नाही, कळलं नाही. मी बसले. स्टूल अजून ताठ होतं, टोचत होतं. बरं झालं.

मग काम सुरू झालं. गळाला गोळी मी लावायची, काठी हे फेकणार, काडी मी बघायची. ह्यांनी आधी नियम सांगितले. काडी थरथरली तर मासा चाखतोय, बोलायचं नाही. काडी आडवी झाली तर त्याने गोळी उचललीय, तरी थांबायचं. काडी तिरकी होऊन पाण्याखाली जायला लागली की म्हणायचं, "गेली."

काडी थरथरली. मी ओरडले, "गेली!"

ह्यांनी काठी उचलली. गळ रिकामा.

"घाई केलीस."

अडतीस वर्षं उशिरा आलेली बाई, आणि अर्ध्या क्षणाची घाई करून बसली!

दुसऱ्यांदा मी ठरवून तोंड घट्ट मिटलं. पण पलीकडच्या काठावर एक पांढरा बगळा चालत होता, अगदी आमच्या मंडळाच्या अध्यक्षीणबाईंसारखा, मान पुढे काढून. मी तो ह्यांना वर्णन करून सांगत बसले. हे हसायला लागले. इकडे काडी कधी गेली आणि कधी वर आली, गोळी कोणी खाल्ली, काही पत्ता नाही. सलीमभाई मागून म्हणाले, "भाभी, मछलियाँ दुआ दे रही होंगी आपको."

त्यानंतर मी बगळा सोडला. नुसती काडी. पाणी हिरवट, त्यावर सकाळचं ऊन, आणि मोरपिसाच्या काडीचं पांढरं टोक. खूप वेळ काहीही झालं नाही. कोणी काही बोललं नाही. आणि मला कळलं की हे दर रविवारी कुठे जायचे. मासे पकडायला नाहीच. हे असं बसायला. शेजारी कोणीतरी असेल, काही न बोलता, म्हणून. सलीमभाई असायचे, पण ते जमिनीवर. शेजारी कोणी नव्हतं. एक कोरं स्टूल होतं.

त्या आठ वर्षांतल्या रविवारी मी घरी काय करत होते, हे आठवायचा मी प्रयत्न केला. एकही रविवार आठवला नाही. पितळेची भांडी घासत असणार.

काडी थरथरली. मी दात आवळले. आडवी झाली. मी ह्यांचा हात धरला. काडी तिरकी झाली, निघाली.

"गेली."

काठी अर्धवर्तुळात वाकली, शेंडा पाण्याकडे झुकून बोलू लागला. ह्यांनी घाई केली नाही. तळहाताएवढा चांदीसारखा मासा वर आला. ह्यांनी तो ओल्या हातात धरला आणि डोळ्याच्या कडेशी आणून तिरका बघितला.

"कसा आहे?" मला विचारलं. "मध्यावर काय आहे, ते सांग."

मी सांगितलं. पाठ हिरवट, पोट पांढरं, शेपटीपाशी एक काळा ठिपका, डोळा लाल कडेचा, आणि अतिशय रागावलेला. माझ्यासारखा.

"मग सोडू या," हे म्हणाले आणि तो पाण्यात सोडून दिला.

सलीमभाईंनी घड्याळ दाखवलं. संध्याकाळच्या गाडीला अजून वेळ होता, पण ऊन चढलं होतं आणि ह्यांना उन्हात आणखी कमी दिसतं. हे म्हणाले, "अजून एकदा." मी गोळी लावली. तेवढ्यात तळ्यावर वारा सुटला, पाणी हललं, काडी सगळीकडेच हलू लागली. काहीच कळेना. शेवटी काठीचे जोड काढले. मला म्हणायचं होतं, आपण उद्या परत येऊ, परवा येऊ. पण उद्या आम्ही नाशिकला असणार होतो, आणि परवा ह्यांच्या डोळ्यांत किती उरलेलं असेल हे डॉक्टरांनाही सांगता आलं नव्हतं. मी काहीच म्हटलं नाही. कधी बोलायचं नाही, हे मी त्याच सकाळी शिकले होते, आणि लगेच उपयोगी पडलं.

नाशिक

निघताना सलीमभाईंनी दोन्ही स्टुलं आमच्या सामानात ठेवली. मी नको म्हटलं, त्यांनी ऐकलं नाही. "इतने साल सँभाला, अब अपनी अमानत ले जाओ."

काठी दारामागे उभी आहे. घरात जाळी झाली आहेत. होऊ देत.

गेल्या महिन्यातल्या तपासणीत डॉक्टर काय म्हणाले ते तुम्हाला कळलंच असेल. काठही आता पुसट झाले. संध्याकाळी आम्ही दोघं गॅलरीत बसतो, हे झिजलेल्या स्टुलावर, मी कोऱ्यावर. समोर पाणी नाही. शेजाऱ्यांची गाडी आहे, आणि तिच्यामागे कंपाउंडची भिंत. परवा ह्यांनी विचारलं, "काडी काय करतेय?"

मी भिंतीकडे बघितलं. घाई केली नाही.

"थरथरतेय," मी म्हटलं. "थांबा. अजून नाही."